मदत हवी आहे : क्रोम ग्रिल काळी करायची आहे, पण मूळची जपून

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. घरी पांढरी सेडान आहे, नऊ वर्षांची, बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. कामानिमित्त महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाटातून गोव्याला जाणं होतं. पावसात जांबोटीच्या पुढे तांबडा चिखल उडतो आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे खडी. समोरच्या ग्रिलच्या, म्हणजे बॉनेटखालच्या जाळीच्या, क्रोम पट्टीवर मोहरीएवढे ठिपके पडलेत, डाव्या हेडलाइटजवळ तर क्रोम फुगून वर आलंय. पॉलिश केलं की चार दिवस बरं दिसतं, परत तेच. पांढऱ्या गाडीला काळी चकचकीत ग्रिल मला मनापासून आवडते, म्हणून यंदा ते करायचं ठरवलंय.

मागच्या वर्षी बंपरच्या खालच्या पट्टीवर घरीच स्प्रे मारला होता. दिसायला झकास झालं. तिसऱ्या आठवड्यात वॉशिंगला गाडी लावली, प्रेशरचं पाणी लागलं आणि रंगाचे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघाले. क्रोम न घासताच रंग मारला होता, तो धरणार कशाला?

मग उद्यमबागेत पावडर कोटिंगसाठी, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत भाजून घेण्यासाठी, विचारलं. तिथल्या काकांनी ग्रिलवर बोटाने टकटक केलं. "हे प्लॅस्टिक हाय की ओ. आमची भट्टी १८०-२०० डिग्रीला चालते. आत घातली की वाकडी होऊन बाहेर येणार." मी इतकी वर्षं ते पत्र्याचं समजत होतो. एबीएस प्लॅस्टिकवर तांबं, निकेल आणि वर क्रोम असे पातळ थर चढवलेले असतात, हे तेव्हा कळलं.

आता डोक्यात तीन पर्याय आहेत. रेडियमवाल्याकडून ग्लॉस ब्लॅक व्हायनल (चिकटवायची चकचकीत काळी फिल्म) लावून घेणं, नंतर सोलून काढता येणारा रबरी स्प्रे मारणं, किंवा ग्रिल उतरवून पेंटरकडून पक्का रंग करून घेणं.

आणि खरी अडचण बाबांची आहे. "गाडीचं तोंड काळं करायचं?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले. दर खंडेनवमीला ती पट्टी ते स्वतः पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार सुतळीने ग्रिलला बांधतात. त्यांचं मन मोडून मला काहीही करायचं नाही. त्यांना नाही आवडलं तर पहिलं क्रोम परत दिसलं पाहिजे. फुगलेल्या क्रोमवर व्हायनल बसेल का? रंगकाम आत्ता करू की पाऊस गेल्यावर? गाडी केए-२२ पासिंगची, कोल्हापूरलाही जाते, आरटीओचा काही त्रास होईल का? अनुभव असेल त्यांनी सांगा.

खानापूरकर :
फुगलेल्या जागी व्हायनल लावू नका. खालचा थर सुटलेला आहे, त्याच्याबरोबर व्हायनलही उचलणार, आणि वॉशिंगचं पाणी नेमकं कडेतूनच आत शिरतं. रबरी स्प्रेचंही तेच. सोलताना क्रोमचे तुकडे हातात येतील, मग मूळचं कुठून दाखवणार?

माझं ऐकाल तर याच मॉडेलची एक जुनी ग्रिल शोधा, तिच्यावर क्रोम फुगलेलं नको. रंग तिला द्या. तुमची मूळची धुऊन, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. बाबांनी सांगितलं की अर्ध्या तासात परत चढते.

रंगाचं सगळं यश घासण्यात आहे. ४०० नंबरचा पाणी पेपर (पाण्यासोबत घासायचा सँडपेपर), मग ६००. चमक पूर्ण जाऊन करडं दिसायला हवं. खाचेत, कोपऱ्यात एक चकाकती रेघ राहिली तरी पहिला पापुद्रा तिथूनच निघतो, म्हणून पेंटर घासत असताना शेजारी उभे राहा. मग प्लॅस्टिकचा प्रायमर, काळ्याचे पातळ हात, वरून हार्डनर घातलेला क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. जाळीत रंग साचू देऊ नका, रेडिएटर आणि एसी कंडेन्सरला हवा तिथूनच जाते. आत्ताच्या ओलसर हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. चार कोरडे दिवस मिळाले तरच करा, नाहीतर थांबा.

आरसीवर गाडीचा रंग पांढरा आहे, तो पांढराच राहतो. नंबर प्लेट मात्र झाकू नका. आणि कुणी काळा लोखंडी बुलबार (बंपरपुढे लावायचा गार्ड) गळ्यात मारायला बघेल, तो घेऊ नका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने त्याच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय.

हार सुतळीऐवजी कापडी फितीने बांधा. गाडी पळताना सुतळी घासते आणि क्लिअर कोटवर रेघ उठते.

धागाकर्ता :
दादा, खूप आभार. तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. माळ्याचं ऐकून म्हणाले, "मग बघू." फितीचं त्यांना पटलं. यंदाच्या खंडेनवमीला क्रोमच राहू दे, रंगाचं दिवाळीनंतर. निपाणी, चिकोडी, कोल्हापूर, कुठेही जुने पार्ट चांगले मिळत असतील तर सांगा. क्लिपा शाबूत असलेली ग्रिल हवी आहे.