तुमच्याकडे खोबरेल गोठलं का? (मुंबईतल्या थंडीचे अनुभव)

चाळीतला_नळ
आज सकाळी तेलाची बाटली उलटी केली तर थेंब येईना. दाबली, आपटली, मग चष्मा लावून पाहिलं. गळ्यापर्यंत पांढरं! मुंबईत थंडी आल्याचं मला वेधशाळेच्या आधी खोबरेल सांगतं.

बाटली खिडकीत उन्हाला ठेवली आणि एकदम लालबागची आमची गॅलरी आठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. बाबा साळखात्यात, म्हणजे गिरणीत कापड विणायच्या खात्यात. सकाळच्या वेळी ते घरात दिसताहेत हेच नवीन होतं. आमच्या कठड्यावर साडेआठच्या सुमारास वीतभर ऊन यायचं, तिथे जाऊन उभे राहायचे. अंगात नुसता सदरा. स्वेटर नव्हताच त्यांच्याकडे, कधी लागलाच नव्हता. खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत, बारा महिने घाम. आईने शाल दिली तर घेईनात, "बायकी दिसते" म्हणे. मी तेलाची वाटी त्याच उन्हात ठेवायचे आणि बाबा कावळ्यापासून तिची राखण करायचे. एकदा त्यांनी वाटीत बोट घालून पाहिलं, वितळलेलं तेल तळव्यांना चोळलं. हात फुटले होते. म्हणाले, "खात्यात कधी फुटले नाहीत गं."

असो. तुमच्या थंडीचं लिहा. कुठलंही चालेल.

मीनल_डोंबिवली
वाचून गप्पच झाले. नंतर नीट लिहिते, आता ७.१२ गाठायचीय.

बदलापूरकर
तुम्ही लोक कुलाब्या-दादरच्या थंडीला थंडी म्हणता याची गंमत वाटते. आमच्याकडे पहाटे सहज पाच-सहा अंश कमी असतं. पहाटेच्या लोकलमध्ये सगळ्या खिडक्या बंद, दारातसुद्धा कोणी उभं राहत नाही! एरवी हवेच्या खिडकीसाठी भांडणारी माणसं तीच खिडकी "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करून दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. घाटकोपरला स्वेटर निघतो, दादरला तो बॅगेत कोंबायचा, आणि संध्याकाळी येताना तो कुठे ठेवला ते आठवत नाही. आतापर्यंत दोन गेले.

वऱ्हाडी_ठेचा
१८ अंशाले थंडी म्हणता काय बे 😂 नागपूरले २०१८ च्या डिसेंबरात ३.५ झालं होतं. आमच्या इकडे खोबरेल दिवाळीनंतर चमच्यानंच काढा लागते.

बदलापूरकर
@वऱ्हाडी_ठेचा तुमच्या मे महिन्याबद्दल बोलू का आम्ही?

वऱ्हाडी_ठेचा
नको भाऊ.

गच्चीवाला
आकड्यांचा विषय निघालाच आहे तर सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२. माझे सासरे तेव्हा पार्ल्यात होते. दर वर्षी थंडीत ती पहाट सांगतात आणि दर वर्षी तीत एक अंश कमी होतो. सध्या ५ वर आलंय. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे मुंबईकराला तो बरा थर्मामीटर आहे.

शेवग्याची_शेंग
दर वर्षी ट्रंक उघडायची, डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर दोन दिवस दोरीवर टाकायचे, मुलाचा आखूड झालेला निघतो म्हणून नवा आणायचा. तो दहा-बारा दिवस वापरून होतो न होतो तोच संक्रांत, आणि परत ट्रंक. तीन मुलांमागे किती झाले मोजा. धाकट्याला सगळे जुनेच, तो बिचारा कोपरापर्यंत बाह्यांचे घालतो.

चाळीतला_नळ, बाबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं गं.

रात्रपाळी
रात्रीची ड्यूटी करून सकाळी शिवडीवरून घरी येते. थंडी आली की माझी खूण फ्लेमिंगो. पण पक्षी बघायला डोळे उघडे राहायला हवेत ना. एकदा ट्रेनमध्ये अशी झोपले की वाशीला उठले. बरोबरची बाई म्हणाली, "ताई, फ्लेमिंगो एका पायावर झोपतात, तुम्ही हँडल धरून झोपलात."

खिडकीपाशी
कौतुक सगळं ठीक, पण या हवेचं काय? आमच्या चौदाव्या मजल्यावरून एरवी सी लिंक दिसतो, गेले चार दिवस नुसता धुरकट पडदा. मागे टॉवरचं बांधकाम, खाली वॉचमनची शेकोटी, त्यात प्लास्टिक. कचरा जाळायला बंदी आहे हे सांगायला गेले तर म्हणतो, "मॅडम, तुमच्याकडे गीझर आहे."
उत्तर सुचलं नाही. जुनी रजई दिली त्याला. शेकोटी अजून आहेच, पण लाकडांची.

गच्चीवाला
@खिडकीपाशी थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. समुद्रावरचा वाराही दिवसा उशिरा सुटतो. मग धूळ-धूर खालीच कोंडतात. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी जरा ऊन वर आल्यावर निघावं. मी सासऱ्यांना सांगून दमलो.

मीनल_डोंबिवली
आले ऑफिसात. माझा अनुभव बाथरूमचा आहे, हसू नका. थंडी आत येते म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना वर्तमानपत्र चिकटवलं होतं. आत गॅसचा गीझर. दोन बादल्या झाल्या आणि डोकं गरगरायला लागलं, कडी कशी काढली आठवत नाही. सासूबाईंनी बाहेर गॅलरीत आणून बसवलं. बंद जागेत गीझरच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, वास येत नाही. आता गीझर बाथरूमच्या बाहेर बसवलाय. कोणाकडे आत असेल तर खिडकी बंद करू नका, कितीही गार वाटलं तरी.

शेवग्याची_शेंग
बाप रे. आमचा आतच आहे. संध्याकाळी ह्यांना दाखवते हे.

पनवेलची_पोपटी
कोणी पोपटीचं नाव घेईना म्हणून मीच घेते. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं आणि शेकोटी. थंडी म्हणजे आमच्याकडे एवढंच. खोबरेल गोठलं काय, नाही काय!

रात्रपाळी
पत्ता दे 😋

अवांतर_काका
डिंकाचे लाडू करायला घेतलेत. खारीक पूड आणि डिंक किती किती? बायको माहेरी आहे, फोन करून विचारलं तर कळेल तिला.

खिडकीपाशी
काय कळेल?

अवांतर_काका
तिने करून ठेवलेले संपले हे.

मीनल_डोंबिवली
@चाळीतला_नळ एक विचारायचं राहिलं. बाबांना मग स्वेटर मिळाला का?

चाळीतला_नळ
त्या वर्षी नाही. मामाने गावाहून घोंगडी पाठवली, ती ते रात्री आम्हा भावंडांवर घालायचे. स्वेटर मी घेतला, पहिल्या पगारातून, १९९४ ला. राखाडी, पुढे बटणं. तोवर गिरणी कायमची सुटली होती, बाबा एका दुकानात हिशेब लिहायचे. स्वेटर घालून आरशात पाहिलं, सगळी बटणं लावली, गॅलरीत एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "उकडतंय."
अजून आहे माझ्याकडे. ट्रंकेत.

शेवग्याची_शेंग
❤️

अवांतर_काका
लाडवांचं कोणी सांगतंय का? डिंक तळून झालाय.

पनवेलची_पोपटी
थांबा काका, कुकर उतरवते आणि सांगते. तोवर गूळ घालू नका.