जुना व्हिडिओ ‘आजचा’ म्हणून फिरतोय, दादाला कसं पटवू?

काल दादाशी चांगलंच वाजलं. पुराचा व्हिडिओ दाखवून म्हणे, ‘आज सकाळचाच आहे.’ छातीभर पाण्यात लाल छत्री उघडून उभा असलेला माणूस मी आधी पाहिलाय, नक्की! पण फाइलची तारीख बघितली तर कालचीच. आता काय करू?

उत्तर १
ती तारीख तुमच्या फोनवर फाइल उतरल्याची. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात चित्रीकरणाचा मूळ तपशील गळतो. व्हॉट्सॲपवर त्या मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसतोय का? असेल तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय.

उत्तर २
छत्री स्पष्ट दिसते तिथे व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्सवर तो फोटो देऊन शोधा. नाहीतर टिनआय, तीही फोटोवरून शोधणारी साइट. तिथे सर्वांत जुने निकाल आधी लावता येतात, मला तेच जास्त उपयोगी वाटतं. आणि दादाला चारचौघांत खोटं पाडू नका, एकट्याला दाखवा.

प्रश्नकर्ती
सापडला! तीच छत्री, २०२१ ची बातमी. दादाला फक्त लिंक पाठवली, वर एक शब्द लिहिला नाही. उत्तर आलं नाही, पण घरच्या ग्रुपवरून व्हिडिओ त्याने काढलाय. खूप बरं वाटलं.