मदत हवी आहे: इक्विनॉक्स ८०० ला ६ इंची कॉइल घ्यावी की १५ बाय १२?

नमस्कार मंडळी, माझ्या इक्विनॉक्स ८०० या मेटल डिटेक्टरला दुसरी कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी) घ्यायची आहे. मी इंग्लंडमध्ये, नॉरफोकला असतो. शेतमालकाच्या परवानगीने दोन ठिकाणी शोधतो. एक मोठं नांगरलेलं रान, आणि दुसरी जुनं घर पाडलेली पडीक जागा. तिथे नुसते गंजके खिळे! सोबत आलेल्या ११ इंची कॉइलखाली एकाच वेळी तीन-चार खिळे येतात आणि शेजारच्या बारीक चांदीचा सिग्नल त्यांच्यात दबून जातो. मध्ययुगीन पेनी हे चांदीचं नाणं म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं, पातळ पत्र्याचं. त्याचा सिग्नल वेगळा ऐकू यायला ६ इंचीच बरी, असं मला वाटतं. जमिनीत थोडं कमी खोलवरचं लागलं तरी चालेल.

रानासाठी मात्र १५ बाय १२ इंचीचा मोह होतो. एका फेरीत रुंद पट्टा होतो, मोठी वस्तू खोलवरूनही लागते. पण दिवसभर फिरवून खांदा भरून येतो का? ओल्या ढेकळांवर सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) फार उतरवावी लागते का?

सध्या एकच परवडेल. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा, आधी कोणती घेऊ? आणि सेकंडहँड घेताना केबल, जोडणी वगैरेत काय तपासायचं?