शब्दचर्चा: डीव्हीडी ‘रिप करणे’ याला मराठीत काय म्हणावे?

जुळे सोलापूर
लग्नाच्या, मुंजीच्या, गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या डीव्हीडी आजही घरोघरी आहेत. त्या संगणकावर घेण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, याची मराठी माहिती लिहितो आहे. ‘कॉपी’, ‘रिप’ आणि ‘कन्व्हर्ट’ हे तिन्ही शब्द लोक सरमिसळ वापरतात. तिन्हींसाठी चालेल असे एक मराठी क्रियापद हवे आहे. ‘उतरवून घेणे’ कसे वाटते?

सात रस्ता
‘उतरवून घेणे’ उत्तम, पण तिन्हींना ते लावू नका. कामे तीन आहेत आणि सॉफ्टवेअरही वेगवेगळी.

डिस्क जशी आहे तशी, मेनूसकट एका आयएसओ फाइलमध्ये घेणे म्हणजे उतरवणे. विंडोजवर इमजबर्नमधला ‘क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क’ हा पर्याय त्यासाठी पुरतो. एका थराच्या डिस्कला ४.७ जीबी, दोन थरांच्या डिस्कला ८.५ जीबीपर्यंत जागा धरा. ही फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये मेनूसह चालते.

दुसरे काम, चित्र-आवाजाला हात न लावता फक्त वेष्टन बदलणे. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर हेच करते: आतला एमपेग-२ (डीव्हीडीवरचा नेहमीचा प्रकार) व्हिडिओ तसाच उचलून एमकेव्ही फाइलमध्ये ठेवते. शेंगाचटणी एका बरणीतून दुसरीत काढली तरी चव तीच राहते, तसे. याला मी ‘काढून घेणे’ म्हणेन.

तिसरे, हँडब्रेक या सॉफ्टवेअरचे काम. तिथे चित्र नव्याने घडते, आकार बराच कमी होतो, पण गेलेला तपशील परत मिळत नाही. दुकानात नुसते ‘कॉपी करून द्या’ म्हटले की बहुधा हेच हाती पडते. म्हणून शब्द वेगळे हवेत.

भीमाकाठ
तिसऱ्याला ‘आवळणे’ म्हणू या का? ऐकताच कळते की काहीतरी दाबून लहान केले आहे.

सात रस्ता
बोलण्यात चालेल. लिहिताना ‘पुन्हा एन्कोड करणे’ (चित्र नव्या सांकेतिक रूपात साठवणे) बरे, कारण आकार वाढवूनही एन्कोड करता येते. हँडब्रेकमध्ये किती आवळायचे ते आरएफ या आकड्यावर ठरते. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ ठीक. आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. घरच्या चित्रणाला मी १८ च सुचवेन. लग्न परत चित्रित करता येत नाही.

जुळे सोलापूर
डिस्क उघडून व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली सरळ ओढून घेतल्या तर? बरेच जण यालाच कॉपी म्हणतात.

हुरडा
ती अर्धवट कॉपी. व्हीओबीचे तुकडे १ जीबीपर्यंतचेच असतात. कोणता तुकडा कोणत्या क्रमाने आणि प्रकरण कुठे सुरू होते, ही माहिती आयएफओ फाइलीत असते. नुसत्या व्हीओबी घेतल्या की तुकड्यांच्या सांध्यावर वेळेचा आकडा उलटसुलट दिसतो, पुढे-मागे सरकवताना चित्र अडकते. घ्यायचे तर पूर्ण फोल्डर घ्या.

मेकएमकेव्हीचीही एक खोड लिहून ठेवा. १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल (डिस्कवरची एकेक स्वतंत्र चित्रफीत) ते मुळात गाळते. डिस्कवर छोट्या छोट्या चित्रफिती असतील तर सेटिंगमधली किमान लांबी आधी कमी करा.

भीमाकाठ
‘राईट करणे’ हा शब्दही या माहितीत यावा. आपल्याकडे ‘बर्न’पेक्षा तोच चालतो. पण त्याची दिशा उलटी आहे, संगणकावरून डिस्ककडे. कॅसेटच्या काळात यालाच ‘भरणे’ म्हणत.

हुरडा
आणि ‘फायनलाइझ’ला ‘डिस्क बंद करणे’. कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये भरलेली डिस्क बंद केली नसेल, तर संगणक ती कोरी दाखवतो. आतले चित्रण गेलेले नसते. शक्यतो त्याच यंत्रात घालून डिस्क बंद करा. संगणकाने ‘फॉरमॅट करू का’ विचारले तर नाही म्हणा.

‘डिस्क खराब झाली’ या शब्दातही दोन रोग आहेत. ओरखडा खालच्या प्लास्टिकवर असतो. मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे पुसले, गोल फिरवले नाही, तर कधी कधी वाचन सुधारते. दुसरा रोग रंगद्रव्य विटण्याचा: घरी राईट केलेल्या डिस्कमधला सेंद्रिय रंग उष्णतेने आणि उन्हाने उतरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डिस्क आधी हातात घ्या. विटलेल्या डिस्कला पुसून उपयोग नाही. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलते, मग अडलेल्या सेक्टरांवर (डिस्कच्या छोट्या कप्प्यांवर) पुन्हा फिरते. कुठवर वाचले याची नोंद एका वेगळ्या फाइलीत राहते. म्हणून तीच फाइल देऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालवता येते. एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला पुष्कळदा दिसतो.

सात रस्ता
हलत्या हाताच्या कडेला आडव्या रेघा दिसतात तो डिस्कचा दोष नाही. चित्र इंटरलेस आहे, म्हणजे एकाआड एक रेघांच्या दोन भागांत नोंदलेले. हँडब्रेकमध्ये एन्कोड करताना डीइंटरलेस फिल्टर चालू ठेवा. याला मराठी शब्द घडवत बसू नका, मेनूत जे दिसते तेच लिहा.

जुळे सोलापूर
विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कबद्दल?

भीमाकाठ
त्यांच्यावर बहुतेक वेळा सीएसएस नावाचे कुलूप असते, हँडब्रेक एकटे ते उघडत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५अ कलम हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडण्याबद्दल आहे. तुमचे लिखाण घरच्या चित्रणापुरते ठेवा, तिथे हे कुलूप नसते.

जुळे सोलापूर
मग असे लिहितो: आयएसओसाठी ‘उतरवणे’, एमकेव्हीसाठी ‘काढून घेणे’, हँडब्रेकसाठी ‘पुन्हा एन्कोड करणे’.

हुरडा
पेनड्राइव्हची ओळही घाला. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही, जागा असूनही ‘फाइल फार मोठी’ असा निरोप येतो. उतरवलेली आयएसओ बहुधा तिथेच अडते. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.