आउटडोअर बोर्डवर मेमरीचा कोड: आयसी बदलावा की अख्खा बोर्ड?

गारवा_शाहूपुरी
दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, ७ वर्षं जुना, कोल्हापुरात राजारामपुरीत गच्चीवर आउटडोअर. वळवात वीज दोन-तीनदा गेली-आली, तेव्हापासून डिस्प्लेवर बिघाडाचा कोड येतोय. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो आउटडोअर मेमरीचा आहे. एमसीबी १० मिनिटं पाडून ठेवला, फरक नाही. कॉम्प्रेसर आणि बाहेरचा पंखा दोन्ही उठत नाहीत. बोर्डवर आठ पायांचा २४सी०८ हा मेमरी आयसी आहे. या मॉडेलचा बोर्ड बाजारात मिळेना. कोरा आयसी लावला तर चालेल का? आणि आयसीच गेलाय हे पक्कं कसं करायचं?

बोर्डवाला_उद्यमनगर
कोरा चालणार नाही. त्या आयसीत कॉम्प्रेसरच्या मोटरची आकडेवारी, करंटची मर्यादा, पंख्याचे वेग असा त्या मॉडेलचा डेटा असतो. कोऱ्यात सगळीकडे एफएफ, म्हणजे रिकाम्या जागेची खूण. प्रोसेसर सुरू होताना चेकसम (डेटा बरोबर आहे का हे पडताळायची बेरीज) तपासतो, तो जुळत नाही आणि पुन्हा तोच कोड दाखवतो.

आधी बघा कोड कधी येतो. सप्लाय दिल्या दिल्या काही सेकंदांत आला तर मेमरी किंवा तिच्या लाइनवर संशय. रिले ओढताना किंवा पंखा उठताना आला तर आयसीला हात लावू नका, ५ व्होल्टचा सप्लाय बघा.

मोजताना जिवाला जपा. डीसी बसवर (मेन्सपासून बनवलेल्या डीसी सप्लायच्या लाइनवर) ३२० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तो राहतो. १० मिनिटं थांबून, मीटरने खात्री करूनच बोर्डला हात लावा. बऱ्याच आउटडोअर बोर्डांचा ग्राउंड मेन्सपासून वेगळा नसतो, म्हणून काळा प्रोब बॉडीला नको, आयसीच्या ४ नंबर पायावर. आणि सप्लाय चालू असताना लॅपटॉपला जोडलेला प्रोग्रामर (आयसी वाचायचं-लिहायचं यंत्र) तिथं कधीच लावायचा नाही.

८ नंबरवर ५ व्होल्ट (काही बोर्डांवर ३.३), ५ म्हणजे एसडीए (डेटाची लाइन), ६ म्हणजे एससीएल (क्लॉकची लाइन). लाइन शांत असताना दोन्ही सप्लायच्या जवळपास वर हव्यात. एखादी खाली बसली असेल तर आयसी काढून परत मोजा. लाइन वर आली तर आयसी शॉर्ट. तरीही खालीच असेल तर लाइन वर ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर (बहुतेक ४.७ किंवा १० के), ट्रॅकवरची गळती किंवा प्रोसेसरचा पाय.

पंचगंगाकाठ
वरच्यात एक भर. मीटरवर ५.० दिसले म्हणून सप्लाय चांगला समजू नका. मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्यात दिसत नाही. ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेले नसले तरी आतून सुकलेले असतात. मेमरीत लिहिणं चालू असतानाच सप्लाय पडला की डेटा अर्धवट राहतो. हे आयसी साधारण १० लाख वेळा लिहिलं तरी टिकतात, त्यामुळे नुसता जुना झाला म्हणून गेला असं सहसा होत नाही. नवा आयसी लावून कपॅसिटर तेच ठेवले तर पुढच्या वळवाला तेच दुखणं परत.

आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर आयसीच्या पायांत हिरवट थर, मुंग्या, पाल हेही बघा. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने साफ करून वाळवलं की कधी कधी कोड तिथंच जातो.

गारवा_शाहूपुरी
मोजलं. ८ नंबरवर ४.९८, एससीएल ४.९, एसडीए ०.६. आयसी काढल्यावर एसडीए ४.९ वर आली. कपॅसिटर चारही बदलतोय. डेटा कुठून आणू?

बोर्डवाला_उद्यमनगर
म्हणजे आयसीच गेलाय. तरी काढलेला आयसी सीएच३४१ए प्रोग्रामरवर एकदा लावून बघा. सलग दोनदा वाचून दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच विश्वास ठेवा. शॉर्ट असल्यानं वाचेलच असं नाही. बोर्डवर असताना क्लिप लावून वाचू नका, प्रोसेसर मध्येच बोलतो आणि चुकीचं वाचलं जातं.

नाही वाचला तर त्याच मॉडेलच्या, इतर कारणानं मेलेल्या बोर्डवरचा आयसी शोधा. उद्यमनगर, लक्ष्मीपुरीत दुरुस्तीवाल्यांकडे भंगार बोर्ड पडलेले असतात. नुसतं दीड टन जुळून उपयोग नाही. आउटडोअरचा मॉडेल नंबर आणि कॉम्प्रेसरच्या लेबलवरचा नंबर दोन्ही जुळले पाहिजेत. भलत्या मोटरची आकडेवारी गेली की कॉम्प्रेसर सुरू होताना करंट वाढून कॉम्प्रेसर चालवणारं पॉवर मॉड्यूल उडतं, मग बोर्ड वाचवायला काही उरत नाही.

नवा आयसी २४सी०८ च घ्या. २४सी३२ पासून पुढं पत्ता दोन बाइटचा असतो, या प्रोसेसरला तो वाचता येणार नाही. ७ नंबरची राइट प्रोटेक्टची (लिहिणं रोखणारी) जोडणी होती तशीच ठेवा. सोल्डरिंगची इस्त्री ३३० ते ३५० अंश, फ्लक्स भरपूर. शेवटी तिथं वार्निशचा हात द्या, नाहीतर आषाढात पुन्हा गंज धरेल.

सुरू झाल्यावर लगेच झाकण बंद करू नका भावा. २० मिनिटं क्लॅम्प मीटर लावून ठेवा आणि करंट आउटडोअरच्या माहितीच्या प्लेटवरच्या आकड्याच्या वर जात नाही ना ते बघा.