गोव्यातल्या विद्यार्थ्यानं पहिला पेपर थेट लिक्सला पाठवावा का?

पठारावरून:
डिसेंबर आला की आमच्या विभागात हा वाद ठरलेला, म्हणून इथे मांडतो. विद्यार्थ्याच्या हातात ऑटोमाटावरचं (म्हणजे गणनेच्या कल्पित यंत्रांवरचं) किंवा मोडल लॉजिकवरचं (‘शक्य’, ‘अनिवार्य’ यांच्या तर्कशास्त्रावरचं) एक चांगलं प्रमेय आहे, सिद्धता दोनदा तपासून झाली आहे. लिक्सची, म्हणजे ‘लॉजिक इन कॉम्प्युटर सायन्स’ या परिषदेची मुदत जानेवारीत. आणि ज्येष्ठ मंडळी सांगतात, आधी कुठल्यातरी सेमिनारात वाच, मग जर्नलला दे, मग बघू. माझं मत उलट आहे. थेट लिक्सला पाठवा.

ही परिषद १९८६ पासून भरते. ऑटोमाटाच्या वाटेनं प्रोग्रॅमची पडताळणी कशी करायची ते वार्डी आणि वोल्पर यांनी पहिल्याच वर्षी तिथे मांडलं. रेनल्ड्स यांचं सेपरेशन लॉजिक, म्हणजे मेमरी हाताळणारे प्रोग्रॅम तपासायचं तर्कशास्त्र, २००२ साली तिथेच आलं. तुमच्या प्रमेयाचे खरे वाचक त्या खोलीत बसतात. आणि अलीकडे रिव्ह्यूअरला, म्हणजे पेपर तपासणाऱ्याला, लेखकाचं नाव, संस्था दिसत नाही. पेपर ताळगावच्या गोवा विद्यापीठातून आलाय की ऑक्सफर्डहून, हे न कळता तो वाचला जातो. आपल्यासारख्यांना यापेक्षा मोठी सोय कुठली हवी?

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गाव कोसबें. १९४३ साली त्यांनी यादृच्छिक, म्हणजे योगायोगानं बदलत जाणाऱ्या, प्रक्रियांच्या विस्ताराचा एक निष्कर्ष इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत आज त्या दोघांचीच नावं आहेत. उलट १९४४ साली गुणसूत्रावरच्या अंतराचं सूत्र त्यांनी इंग्लंडच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये दिलं. जनुकशास्त्रात ते अजूनही कोसंबींच्याच नावानं वापरतात. माणूस तोच, बुद्धी तीच. फरक पडला तो कुठे छापलं याचा.

फोंडेकार:
सर, कोसंबींचं उदाहरण मनाला लागतं, पण इथे ते बसत नाही. १९४३ म्हणजे ऐन महायुद्ध. आज पेपर आर्काइव्हवर, म्हणजे शोधनिबंधांच्या खुल्या वेबसाइटवर, चढवला की थोड्याच दिवसांत जगभर दिसतो, तारखेसकट. श्रेय हरवण्याची ती भीती आता उरलेली नाही. मग प्रश्न एवढाच राहतो की विद्यार्थ्याला घडवतं काय.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. पहिला पेपर लिहिणाऱ्याला प्रमेय सिद्ध करता येतं, पण ते महत्त्वाचं का, हे सांगता येत नाही. लिक्सला पानं मोजकी, सविस्तर सिद्धता परिशिष्टात, आणि परिशिष्ट वाचायचं की नाही ही रिव्ह्यूअरची मर्जी. म्हणजे सगळी मदार पहिल्या दोन पानांवर. ती दोन पानं कशी लिहायची हे त्या वर्तुळात वाढलेल्यांना गुरूच्या शेजारी बसून कळतं. नाव झाकलं तरी लिहिण्याची ढब झाकत नाही. आपल्या मुलाला एप्रिलमध्ये तीन ओळींचा शेरा येतो, ‘योगदान स्पष्ट नाही’, आणि तो लॉजिकच सोडून डेटा सायन्सकडे वळतो. असं होताना मी पाहिलंय.

आपल्याकडे एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची भारतातली परिषद आहे. १९८१ पासून चालू, दर डिसेंबरात, आणि २००८ पासून तिचे सगळे पेपर कुणालाही फुकट वाचता येतात. तीही काही सोपी परिषद नव्हे, बाहेरचे लोक आवर्जून पाठवतात. २०२० साली तिचं यजमानपद झुआरीनगरच्या बिट्सकडे होतं. कोविडमुळे ती ऑनलाइन झाली हे आपलं दुर्दैव, नाहीतर आपल्या पोरांनी कदंब बसनं जाऊन ऐकली असती.

सत्तरीची:
मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहे, त्यामुळे हा वाद माझ्यावरच चाललाय असं समजा. फोंडेकारबाब, शेरा वाचून कुणी विषय सोडला तर दोष शेऱ्याचा की तो वाचताना शेजारी कुणी नव्हतं याचा? लिक्सला निकालाआधी उत्तर देण्याची संधीही असते. रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला असेल तर नेमक्या शब्दांत सांगता येतं. हे उत्तर लिहिताना मी स्वतःची सिद्धता जितकी समजून घेतली तितकी कुठल्याच सेमिनारात घेतली नव्हती. सेमिनारात टाळ्या मिळतात, प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि तारखा बघा ना. लिक्स जानेवारीत पाठवायचा, एप्रिलमध्ये निकाल. नाकारला तर शेरे धरून दुरुस्ती करायला मे-जून मोकळे, जुलैत एफएसटीटीसीएसची मुदत. एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी देता येत नाही, पण एकामागून एक देता येतो. उलट क्रमानं गेलं तर? जुलैत एफएसटीटीसीएसनं घेतला की तो तिथे छापला गेला. लिक्सचे दरवाजे त्या पेपरपुरते बंद.

म्हापशेकार:
सगळे शास्त्राचं बोलताहेत, मी पैशांचं बोलतो. पेपर स्वीकारला गेला तर एका लेखकानं जाऊन तो मांडायचा असतो. नोंदणी, विमान, व्हिसा, राहणं. कॉलेजातल्या कंत्राटी शिक्षकाला हे कोण देणार? आणि बढतीच्या गुणपत्रिकेत वजन जर्नलला. जगातल्या पहिल्या रांगेतल्या परिषदेचा पेपर तिथे चर्चासत्राच्या रकान्यात जातो. शिक्षक गुणांच्या मागे लागतो म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी त्याचं पोट बघा.

पठारावरून:
म्हापशेकारबाब, रकान्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं, आणि तो अन्याय आहे. संगणकशास्त्रात परिषदेचा पेपर पूर्ण तपासलेला असतो, हे नियम करणाऱ्यांना कळत नाही. पण त्यावर वाट आहे. परिषदेनंतर सविस्तर आवृत्ती ‘लॉजिकल मेथड्स इन कॉम्प्युटर सायन्स’ या जर्नलला द्या. लेखकाकडून पैसे घेत नाही, वाचकाकडूनही नाही. सिद्धता पूर्ण छापल्या जातात आणि गुणही मिळतात. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांत आपली माणसं अडकतात ते बघवत नाही. प्रवासासाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्था मिळून अनुदान देतात. त्यासाठी गोव्यातून किती जण अर्ज करतात, हे विभागप्रमुखांनी एकदा विचारून बघावं.

झुआरीकाठ:
परिषदांचं एवढं स्तोम कशाला? २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी अविभाज्य संख्या ओळखण्याची बहुपदी वेळेतली, म्हणजे मोठ्या संख्येलाही आवाक्यातल्या वेळात चालणारी, रीत सरळ वेबवर ठेवली. कुठल्या परिषदेची वाट पाहिली नाही. जगानं ती लगेच वाचली, २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’नं छापली. काम अस्सल असेल तर जागा गौण.

सत्तरीची:
पण त्या कामाची मुळं बघा. अग्रवाल आणि बिस्वास यांचा अविभाज्यतेवरचा पेपर १९९९ साली फॉक्स या संगणकशास्त्राच्या मोठ्या परिषदेत आला होता, आणि २००२ ची रीत त्याच कल्पनेतून वाढली. ‘सरळ वेबवर’ ठेवलेलं जगानं उघडून पाहिलं, कारण अग्रवाल कोण हे लोकांना त्याआधी परिषदांतून कळलं होतं. वाळपईच्या मुलीनं आर्काइव्हवर ठेवलेला पेपर तसा कोण उघडणार? मला तो उघडायला बांधील असलेले तीन वाचक हवेत, आणि ते लिक्स देते.

फोंडेकार:
बाय, तारखांचा तुझा हिशेब बरोबर आहे, हे मी मानतो. पण तू तिसऱ्या वर्षात आहेस, तुझ्यापाशी वाचणारा गाईड आहे. माझ्याकडे एम.एस्सी. करून आलेली मुलगी आहे, तिच्या प्रमेयातल्या चौथ्या लेमाची, म्हणजे मधल्या साहाय्यक विधानाची, सिद्धता अजून दीड पान लांब आहे आणि ती छोटी होऊ शकते असं मला वाटतं. तिला जानेवारीची घाई करायला लावणं मला पटत नाही. मी तिला जुलैचीच तारीख देणार.

सत्तरीची:
मग तिला निदान दोन्ही तारखा सांगा, आणि निवड तिची तिला करू द्या. चौथा लेमा माझ्याकडे पाठवा, या शनिवारी मी वाचते. आणि तिनं जानेवारी निवडली तर एक लक्षात ठेवायला सांगा: मुदत पृथ्वीवर सर्वांत शेवटी दिवस मावळतो तिथल्या घड्याळानं असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत.