बहिणीला मारणारा तुरुंगातून सुटतोय, तिला आधार कसा द्यायचा?

निशिगंध:
माझ्या मावसबहिणीला तिच्या आधीच्या नवऱ्याने जीव जायची वेळ येईल इतकं मारलं होतं, त्याला शिक्षा झाली, आणि आता तो सुटणार असं कुणाकडून तरी कळलंय. तेव्हापासून ती झोपत नाही, दाराची कडी चार-चारदा बघते. घरचे म्हणतात त्याने शिक्षा भोगली ना, आता विषय सोड. मला खूप राग येतो या बोलण्याचा. पण मी नक्की काय करू?

भरतीओहोटी:
आधी ऐकीव गोष्टीवर राहू नका. तुरुंग अधीक्षकांना तिच्या नावाने लेखी विचारा, तारीख काय आणि सुटका कशी, पॅरोल की शिक्षा पूर्ण. स्वतः वर्षं मोजत बसू नका, शिक्षेत माफी मिळून माणूस आधीही सुटतो. पॅरोलवर आला तर त्याच्यावर अटी असतात, तिच्याकडे फिरकायचं नाही ही अट मागता येते आणि मोडली तर परत आत जाऊ शकतो. शिक्षा संपवून आला तर मात्र सहसा मोकळाच, मग कोर्टाकडून वेगळा संरक्षण आदेश घ्यावा लागतो. भारतात असाल तर घरगुती हिंसाचार कायदा २००५, कलम १८, त्यात फोन-मेसेज करायचा नाही, कामाच्या जागी यायचं नाही असं सगळं मागता येतं, आणि आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद आहे.

कोर्टकचेरी:
यात सरकारनेच स्वतःहून कळवायला हवं हो. इंग्लंड-वेल्समध्ये हिंसाचार किंवा लैंगिक गुन्ह्यात १२ महिने वा जास्त शिक्षा झाली की पीडितेसाठी एक अधिकारी असतो, तिला हवं असेल तर तो सुटकेचं कळवतो, अटी काय हव्यात तेही विचारतो. अमेरिकेत १९९४ मध्ये फोनवर कळवायची व्हाइन नावाची यंत्रणा निघाली, कारण आदल्या वर्षी केंटकीत एका तरुणीला तिच्या आधीच्या प्रियकराने मारून टाकलं, तो तुरुंगातून बाहेर आलाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोगरा_२:
मी यातून गेलेय म्हणून लिहिते. "काही होत नाही गं" म्हणू नका. माझ्या भावाने एकदा शांतपणे विचारलं, तुला कशाची भीती वाटते ते एकेक सांग, आणि मी सांगेन तसं त्याने लिहून घेतलं. मग मुलाला कोण न्यायला येणार ते शाळेला लेखी दिलं, गेटवरच्या वॉचमनला फोटो दाखवला, शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, तेव्हा कुठे मी जेवायला लागले. घर बदलायचं का, त्याच्याशी कधी बोलायचं का, हे तिचं तिला ठरवू दे. नातेवाईक "भेटून मिटवून टाका" म्हणत येतील, त्यांना तुम्ही दारातच थांबवा. आणि तिचा नवा नंबर, पत्ता कुणाकुणाकडे आहे ते बघा, बऱ्याचदा तो आपल्याच माणसांकडून पोचतो.

निशिगंध:
मोगराताई, मावशी अजून त्याच्या आईशी फोनवर बोलते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच बोलते तिच्याशी. संरक्षण आदेशासाठी अर्ज बहिणीनेच करावा लागतो का? ती कोर्टाचं नाव काढलं तरी थरथरते.

भरतीओहोटी:
त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तिच्या वतीने तुम्हीही करू शकता, नाहीतर या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी करतात. पण तिला विचारूनच करा.